हौदाच्या काठावर चांगुणामावशी

चैत्रातल्या रविवारी रोडपालीच्या आमच्या प्रार्थनामंदिराचं दार उघडलं, की बाहेरचं पांढरं ऊन फरशीवर एक लांब पट्टा अंथरायचं, आणि पहिलं गीत संपत आलेलं असताना त्या पट्ट्यावरून चांगुणामावशी आत यायच्या. त्यांच्या आधी त्यांचा वास यायचा. सुक्या बोंबलांचा, तापलेल्या गोणपाटाचा, आणि त्या दोन्हींच्या तळाशी जाईच्या ताज्या गजऱ्याचा. हा गजरा त्यांनी माळलेला मी कधी पाहिला नाही. पदराच्या गाठीत बांधून त्या तो आणत, उपासना संपेपर्यंत मांडीवर ठेवत आणि परतताना फाटकाच्या जाळीला अडकवून निघून जात. सोमवारी कामाला जाताना तो मला दिसे, एका दिवसात तपकिरी पडलेला, आणि कुणाच्या तरी केसांची वाट पाहून थकलेला.

खाडीकाठच्या मिठागरांत त्यांची हयात गेली होती. भरतीचं पाणी वाफ्यांत कोंडायचं, उन्हाच्या स्वाधीन करायचं, आणि पाणी निघून गेल्यावर जे मागे राहतं ते गोळा करायचं, हीच त्यांच्या घराण्याची विद्या. विमानतळासाठी गाव उठला, मिठागरं भरावाखाली गेली आणि मावशी उरण नाक्याच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसू लागल्या. पण वाफ्यांची ती शिस्त त्यांच्या अंगातून गेली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा ओलावा केव्हाच उडून गेला होता आणि उरलं होतं ते शुभ्र, कोरडं, दाणेदार. प्रार्थनेच्या वेळी आमची मंडळी डोळे मिटत आणि तळवे उघडे ठेवत. शेवटच्या बाकावर बसलेल्या मावशी डोळे उघडे ठेवत आणि मूठ मिटत.

त्या मुठीत काय होतं हे सुरुवातीला फक्त माझ्या आईला आणि मला ठाऊक होतं.

आई पनवेलच्या एका इस्पितळात परिचारिका होती. एका संध्याकाळी तिथे उलव्याच्या अर्धवट बांधलेल्या रस्त्यावरून एक मुलगी आणली गेली. रंजना तिचं नाव; शिवणाच्या क्लासहून स्कूटीवर घरी परतत असताना मातीच्या डंपरनं तिला उडवलं होतं. इस्पितळात पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. जे संपलं आहे त्याच्यापाशी फार वेळ थांबायची इस्पितळांना सवय नसते, पण आई थांबली. तिनं कोमट पाणी मागवलं, त्या मुलीचा चेहरा धुतला, कानांमागची माती काढली, केसांतले खडे वेचले, एकेक नख पुसून स्वच्छ केलं.  त्या रात्री जेवताना ती आपल्याच बोटांकडे पाहत राहिली होती.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी मावशी पत्ता विचारत आमच्या घरी आल्या. आम्ही त्यांना तेव्हा पहिल्यांदाच पाहत होतो. दारातच उभं राहून त्यांनी आईला विचारलं, "तुमीच का ती शिश्टर? माज्या पोरीचा तोंड तुमी धुतला?"

"हो," आई म्हणाली. "या ना आत."

"पानी गरम होता का गार?"

"कोमट होतं."

मावशी उंबऱ्यावरच बसल्या. श्रावणातली उघडीप होती. ओल्या भिंतींवरून ऊन घसरत होतं आणि समोरच्या झाडातून थांबून थांबून थेंब पडत होते. त्या म्हणाल्या, "तिला गार पानी सोसायचा नाय."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. डंपर त्यांच्या धाकट्या दिराचा होता. दिगंबर त्याचं नाव. जमिनी गेल्यावर त्यानं भरावाच्या मातीचा धंदा उभा केला होता, आणि त्या संध्याकाळी पिऊन तो स्वतः गाडी चालवत होता. पोलिसांपुढे मात्र उभा राहिला तो त्याचा ड्रायव्हर, शिवपूजन. शिवपूजनचे दोन भाऊ दिगंबरकडेच कामाला होते, त्यांचं राहणं-खाणं त्याच्या एका शब्दावर होतं. म्हणून त्यानं गुन्हा आपल्या अंगावर घेतला आणि तुरुंगात गेला. पण ज्या वेळी रंजना रस्त्यावर पडली, त्या वेळी शिवपूजन गाडीची किल्ली दिगंबरकडे देऊन मावशींच्याच पडवीत जेवत होता. मावशींनी स्वतःच्या हातानं त्याला दुसऱ्यांदा भात वाढला होता. हे त्यांनी पोलिसांना सांगितलं, गावकीत सांगितलं, घरात सांगितलं. पोलीस म्हणाले, माणूस स्वतः कबूल होतोय, तुम्ही कशाला मध्ये पडता. आणि त्यांचा नवरा म्हणाला, "पोर गेली. आता भावाला पन घालवू काय?" त्या वाक्यानंतर मावशी नवऱ्याला वाढत राहिल्या, त्याचे कपडे धूत राहिल्या, शेवटच्या आजारात त्याची सेवाही केली; पण त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आईनं त्यांना देवाकडे बोलावलं नव्हतं. एका रविवारी त्याच तिच्या मागोमाग आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. का आलात, असं मी विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "तुमचा देव निवाडा करतो म्हनतान. मला निवाडा पायजे."

आमच्या प्रार्थनामंदिरात पीठासमोर लाकडी फळ्यांचा एक चौथरा आहे. एरवी त्यावर गायकवृंद उभा राहतो. त्या फळ्यांखाली हौद आहे, हे नव्यानं येणाऱ्याला कळतही नाही. सगळी स्तुतिगीतं त्या झाकलेल्या पोकळीवर उभं राहून गायली जातात आणि म्हणूनच की काय, त्यांना एक खोल घुमारा येतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी फळ्या उचलतात, हौद भरतात, आणि ओल्या सिमेंटचा गार वास सगळ्या बाकांवरून फिरतो. माझा बाप्तिस्मा तिथेच झाला. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते, आणि खरं सांगायचं तर पाण्यातून वर आल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो नाकात गेलेल्या पाण्याचा. लोक गात होते, आई रडत होती, आणि मी टॉवेल शोधत होते. त्या पाण्याचा अर्थ मला कळला तो फार नंतर, दुसऱ्या कुणी त्यात उतरायला नकार दिला तेव्हा.

आईच्या आग्रहानं मावशी एकदा बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गाला बसल्या. आमचे पाळकसाहेब संथ बोलणारे, सडसडीत, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी सांगितलं की बाप्तिस्मा म्हणजे आंघोळ नव्हे. आंघोळीतून माणूस होता तोच बाहेर येतो. हौदात उतरणं म्हणजे आपल्याच दफनाला हजर राहणं. पाणी डोक्यावर मिटतं तेव्हा जुना माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो, पुरला जातो, आणि वर येतो तो त्याच्याबरोबर उठवलेला, नवा माणूस. म्हणून जुन्या माणसाचं काहीच वर आणता येत नाही.

मावशींनी मान तिरकी करून ऐकलं. "वैर पन नाय आनता येत?"

"नाही. वैरही तिथेच सोडावं लागतं."

"मंग मी नाय उतरत."

वर्गात बसलेली दोन तरुण पोरं एकमेकांकडे पाहून हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "मग उतरू नका, बाई. खोटं उतरण्यापेक्षा काठावर बसलेलं बरं."

त्या काठावर बसल्या. वर्षानुवर्षं बसल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. भाकर आणि द्राक्षरस पुढे आला की मावशी उठत, कुणी सांगायच्या आत बाहेर जात, आणि फाटकापाशी उन्हात उभ्या राहत. त्यांच्या त्या उठण्यात लाज नव्हती, रुसवा नव्हता. जेवणाचं पान वाढलेलं असताना उपास असलेला माणूस ज्या सहजतेनं बाजूला होतो, तितकंच ते सहज होतं.

त्यांचा उपास सूडाचा होता, आणि तो त्या निष्ठेनं पाळत. बाजार उठला की त्या बसनं उलव्याला जात. तिथे दिगंबरचे डंपर उभे राहायचं आवार होतं, आवारात पत्र्याचं ऑफिस, आणि समोर रस्त्यापलीकडे एक मोरी. तिच्या कठड्यावर मावशी बसत आणि ऑफिसच्या खिडकीकडे पाहत राहत. शिवी नाही, शाप नाही, हातवारे नाहीत. मागे उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या सांगाड्यांमधून सूर्य खाली येई, क्रेनच्या सावल्या रस्ता ओलांडत, हवेत सिमेंटची धूळ सोनेरी होऊन तरंगत राही, आणि त्या सगळ्या हलत्या प्रकाशात ती एक बाई तेवढी स्थिर असे. दिगंबरनं खुर्ची फिरवली. खिडकीला पडदा लावला. मग माणसं पाठवून त्यांना उठवलं. त्या उठल्या, चार पावलं पुढे जाऊन पुन्हा बसल्या. गावच्या हळदींना त्या बोलावलं नसताना जात आणि नेमक्या त्याच्या समोरची जागा धरत. ढोलकी चालू असताना पेला तसाच भरलेला ठेवून त्याला उठून जाताना लोकांनी पाहिलं होतं. लोक म्हणत, म्हातारी त्याला नजरेनं खाते. मी एकदा त्यांना विचारलं की यातून काय मिळतं. त्या म्हणाल्या, "त्याला रात्री झोप लागत नाय, हा मला कलतो. मंग मला लागते."

दिगंबरच्या मुलीचं, नयनाचं, लग्न बेलपाड्याच्या एका घरात ठरलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मावशी त्या घरी गेल्या, ओटीवर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मुलाच्या आईला म्हणाल्या, "पोरगी सोन्यासारखी हाय. फकस्त तिच्या बापानं माज्या पोरीवर गाडी घातली नि दुसऱ्याला तुरुंगात धाडला, हा आयकून मंग काय तो ठरवा." लग्न मोडलं. त्या रविवारी मावशी उपासनेला आल्या तेव्हा गीताच्या शेवटच्या कडव्याला त्यांनी आमच्याबरोबर आवाज लावला. मी त्यांना गाताना ऐकलं ते तेवढंच. आईनं त्यांना विचारलं, "त्या पोरीनं तुमचं काय केलं होतं?" पुढचे दोन-तीन रविवार मावशी आमच्या घरी चहाला थांबल्या नाहीत.

दिगंबरला दारूनं आतून पोखरलं. धंदा गेला, आवार विकलं, काविळीनं डोळे हळदीसारखे झाले. त्याच्या बायकोनं त्याला कळंबोलीतल्या एका घरी न्यायला सुरुवात केली. तिथे दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी आमचेच पाळकसाहेब बुधवारी प्रार्थना घेत. मावशींना याचा पत्ता नव्हता, आणि पाळकसाहेबांनाही मावशींच्या मनात वैर आहे एवढंच ठाऊक होतं, कुणाशी ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दिगंबरची दारू सुटली. तो रडू लागला, बायबलातलं शास्त्र ऐकू लागला, बाप्तिस्मा मागू लागला. अशा रीतीनं एका रविवारी पाळकसाहेबांनी पुढच्या बाप्तिस्म्यासाठी उभ्या राहणाऱ्यांची नावं वाचली आणि त्यात त्याचं नाव, वडिलांच्या नावासह, गावासह, आमच्या डोक्यांवरून शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

मावशी उठल्या. दोन्ही बाजूंच्या बाकांमधून त्या चालत पुढे आल्या आणि गायकवृंदाच्या चौथऱ्यावर, नेमक्या त्या फळ्यांवर, उभ्या राहिल्या. फळ्या करकरल्या.

"ह्याच्या खाली त्याला बुडवनार तुमी?"

"हो," पाळकसाहेब म्हणाले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

"आनि वर काढनार?"

"हो, चांगुणाबाई."

"सोच्छ करून?"

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं. उपासना त्या दिवशी लवकर संपली, आणि ते मावशींना घेऊन थेट आमच्या घरी आले. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं; पडवी, भात, पोलीस, नवरा, मोरीचा कठडा, सगळं. आयुष्यात कुणाला अधिकउणं न बोललेली माझी आई तेव्हा भिंतीला टेकून म्हणाली, "पाळकसाहेब, त्या लेकराच्या नखांतली माती मी काढली आहे. हा माणूस गप्प राहून त्या पाण्यात उतरला, तर त्या हौदापाशी मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

पाळकसाहेब दिगंबरकडे गेले. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर आईला सांगितलं. दिगंबर म्हणाला होता की आपण देवासमोर सारं कबूल केलं आहे आणि देवानं माफही केलं आहे. मग माणसांसमोर पुन्हा कशाला. पाळकसाहेब त्याला म्हणाले, "देवाला ते आधीच ठाऊक होतं. ज्यांना खोटं सांगितलंस, त्यांना खरं सांग. रविवारी मंडळीपुढे साक्ष दे, मग मी ठरवीन."

त्या रविवारी सकाळी फळ्या उचललेल्या होत्या. पूर्वेच्या झरोक्यांतून आलेलं ऊन पाण्यावर पडून छतावर जाळीसारखं हलत होतं. इतर तिघांचा बाप्तिस्मा झाला. ओल्या पांढऱ्या कपड्यांतली ती माणसं थंडीनं आणि आनंदानं कापत बाजूला उभी होती. शेवटी दिगंबर आला. पांढरा सदरा त्याच्या खांद्यांवरून लोंबत होता; एके काळी आवारात ज्याचा आवाज तीन गाड्यांच्या पलीकडे ऐकू जाई, तो हा माणूस आता इतका बारीक झाला होता, की त्याच्यावर राग धरणंसुद्धा कुणाला जड गेलं असतं. मावशींना ते जड गेलं नाही. त्या पुढे आल्या आणि हौदाच्या काठावर, त्याच्या अगदी समोर, मांडी घालून बसल्या.

प्रथेप्रमाणे त्यानं साक्ष दिली. "मी लय पापा केली. दारू प्यालो. बायकोला मारला. देवानं मला उचलला." एवढं बोलून तो थांबला आणि पायरीकडे वळला.

"पुढं बोल, भावजी," मावशी म्हणाल्या.

रंजना गेल्यापासून त्यांनी त्याला त्या नात्यानं हाक मारली नव्हती. त्या एका शब्दानं दिगंबर पायरीवरच थबकला. त्याच्या बायकोनं तोंडावर पदर घेतला. पाळकसाहेब हौदात कमरेपर्यंत पाण्यात उभे होते. त्यांनी हात पुढे केला नाही.

"गाडी मी चालवत होतो," दिगंबर म्हणाला.

"शिवपूजन कुटं होता?"

"तुमच्याकडं."

"काय करत होता?"

"जेवत होता."

"आनि माजी पोर?"

दिगंबर खाली बसला. पाण्यावरचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर लवलवत होता. "ती पडलेली," तो म्हणाला, "पन शुद्धीत होती. तिनं मला वलखला. काका म्हनून हाक मारली. मी थांबलो नाय, वैनी. मी गाडी मागं घेतली नि दुसऱ्या रस्त्यानं गेलो."

हे मावशींना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मागितलेलं सत्य असं मागितल्यापेक्षा जास्त येईल याची त्यांनी तयारी केलेली नव्हती. त्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, मिठागरातल्या कोंडीची फळी थोडी उचलल्यावर पाणी आत शिरताना निघतो तसा, आणि थांबला.  आई जाऊन त्यांच्या शेजारी बसली.

पाळकसाहेब पाण्यातून बाहेर आले. "हे पाणी कुठे जात नाही, दिगंबर," ते म्हणाले. "आधी पोलीस ठाण्यात जाऊन ये. मी येतो तुझ्याबरोबर." ते स्वतः निथळत होते आणि दिगंबर कोरडा होता. तसेच ते दोघं दारातून उन्हात गेले.

प्रकरण पुन्हा उघडलं. शिवपूजनचं नाव त्यातून सुटलं. शिक्षा मात्र त्याची कधीच भोगून झाली होती. त्यानं गावाहून फोन केला आणि रडत माफी मागितली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माज्या घरचा भात खाऊन तू खोटा बोललास." मग फोन माझ्या हातात दिला, बंद कसा करतात ते त्यांना येत नव्हतं.

दिगंबर जामिनावर सुटला आणि खटला सुरू झाला, त्या दिवसांत नयना बाजारात आली. मीही तिथेच होते, मावशींकडून जवळा घेत होते. नयनाच्या अंगावर साधा पंजाबी ड्रेस होता, लग्न अजून झालेलं नव्हतं. ती टोपलीसमोर उभी राहिली.

"काकी, माजा लगीन तुमीच मोडला ना?"

गिऱ्हाइकं थांबली. मावशींनी हातातली मासळी खाली ठेवली, हात पुसले आणि उभ्या राहिल्या. "हो. मीच मोडला."

"का?"

"तुज्या बापाला जालायचा होता. तू मदी होतीस, हा मला दिसत होता. तरी मोडला."

"मला वाटला, तुमी नाय म्हनशाल."

"त्यानं खरा बोलावा म्हनून मी येवढी वर्सा बसली. आता मी खोटा कशी बोलू?"

 नयनानं माफ केलं नाही, आणि मावशींनी माफी मागितली नाही. पण त्या दोघींच्या मधली हवा, मी तिथे उभी होते म्हणून सांगते, नुकत्याच झाडून काढलेल्या अंगणासारखी मोकळी झाली होती. नयना गेल्यावर मावशी खाली बसल्या आणि त्यांनी मला विकलेला जवळा पुन्हा तोलला, कारण पहिल्यांदा किती तोलला होता ते त्यांना आठवेना.

निकाल लागायच्या आधी, थंडीतल्या एका सकाळी, दिगंबरचा बाप्तिस्मा झाला. येऊ नका, असं मावशींना कुणी सांगितलं नाही आणि या, असंही नाही. त्या आल्या आणि आईच्या शेजारी बसल्या. पाळकसाहेबांनी एक हात त्याच्या पाठीमागे धरला, एक छातीवर ठेवला, आणि त्याला मागे झुकवून पाण्याखाली नेलं. पाणी त्याच्या चेहऱ्यावर मिटलं. मावशी पुढे झुकल्या. तो वर आला, धापा टाकत, तोंड उघडं, केस कपाळावर चिकटलेले, नुकत्याच जन्मलेल्या माणसासारखा कुरूप आणि असहाय. मंडळी गाऊ लागली.

मावशी आईच्या कानाशी म्हणाल्या, "जरा जास्त वेल धरायला पायजे होता."

आईला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही लपवायला तिनं गीतपुस्तक तोंडासमोर धरलं. महिन्याभरानं दिगंबरला शिक्षा झाली. न्यायालयातून त्याला नेताना त्यानं मावशींकडे पाहून हात जोडले. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. नजर तीच होती, मोरीच्या कठड्यावरची. पण या वेळी ती आधी त्यांनी काढून घेतली.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. मावशी तीन दिवस आमच्याकडे राहिल्या, माझ्या घरात त्यांनी चूल सांभाळली, आणि एकदाही मला रडू नको असं म्हणाल्या नाहीत. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची वेळ झाली, त्या नेहमीसारख्या उठून बाहेर गेल्या, आणि का कोण जाणे, मीही उठून त्यांच्यामागे गेले. पाऊस ओसरला होता. खाडीकडून नव्या विमानतळावरचं एक विमान वर चढत होतं, त्याचं पोट उन्हानं चकाकत होतं, आणि जिथून ते उठलं होतं तिथे कधी काळी त्यांचे वाफे होते. आतून गाण्याचा घुमारा येत होता.

मी विचारलं, "मावशी, त्यानं कबूल केलं, शिक्षा झाली. आता तरी उतराल का पाण्यात?"

त्यांनी विमान दिसेनासं होईपर्यंत वर पाहिलं. मग म्हणाल्या, "पाळकसायबांचा खरा हाय. वर येताना काय आनता येत नाय. पन रोज सकाली मला उठवतो कोन, सांग? घरात कोन नाय. हा रागच उठवतो, बाय. तोच चुलीपाशी बसवतो, तोच बाजारात आनतो. त्याला पान्यात ठेवून आली, तर उद्या मला हाक कोन मारल?"

 आतलं गाणं संपलं आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, मी बाप्तिस्मा घेतलेली आणि त्या न घेतलेल्या, दोघींचेही पाय सारख्याच चिखलात. त्यांच्याकडे पाहताना मला एवढंच वाटत राहिलं, की माणूस गेल्यावर त्याची जागा रिकामी राहत नाही. तिथे कुणीतरी राहायला येतं. कुणाकडे शोक येतो, कुणाकडे कृपा, कुणाकडे वैर. आणि तो नवा भाडेकरू कितीही कठोर असला, तरी गेलेल्या माणसाची रोज आठवण काढणारा घरातला तो शेवटचाच असतो, म्हणून काळालाही त्याला जा म्हणायचा धीर होत नाही.